रिपोर्ट नॉर्मल आहे

‘बॅटरी बदलायचीय’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीचा रिमोट येतो. मागचं झाकण सरकवायचं, जुने सेल काढायचे, नवे घालायचे. ऑफिसातल्या एकाने तर मला विचारलं होतं, “मग चार्जिंगवालाच का नाही बसवून घेत?” त्याने मनापासून विचारलं होतं, म्हणून मीही हसले नाही.

पेसमेकरची नुसती बॅटरी बदलता येत नाही. ती टायटॅनियमच्या डबीत कायमची बंद असते. संपत आली की अख्खी डबी काढतात आणि नवी बसवतात. डबी मारी बिस्किटापेक्षा थोडी लहान, वजनाला २५-३० ग्रॅम. डाव्या कॉलरबोनच्या खाली कातडीला छेद देऊन तिच्यासाठी जागा करतात. डॉक्टर त्या जागेला ‘पॉकेट’ म्हणतात. या खिशातून वायरी निघतात, शिरेत शिरतात आणि शिरेतून खाली हृदयात उतरतात. डबी बदलताना वायरी शक्यतो तशाच ठेवतात. जुन्या डबीतून त्यांची टोकं सोडवायची, नव्या डबीत घट्ट करायची. भूल बहुतेकदा तेवढ्या जागेपुरतीच. तास-दीड तासाचं काम. फाइलीवर त्याला ‘मायनर प्रोसिजर’ म्हणतात.

पण खिसा तोच असतो. तोच उसवायचा, तोच पुन्हा शिवायचा. शाळेच्या गणवेशाचा फाटका खिसा आईने तिसऱ्यांदा शिवला की तिथलं कापड कसं होतं, आठवतंय? जाड, ताठ, आणि कडेने आक्रसलेलं. माझ्या छातीवर डावीकडे तीन बोटं रुंदीचा तसा एक पट्टा आहे. तो दुखतो. गेली सात वर्षं, रोज.

माझं वय ३६. आत्तापर्यंत पाच ऑपरेशनं झालीत आणि सहावं ठरलंय.

नऊ वर्षांची असताना कराडला शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी दोनदा कोसळले. पहिल्यांदा बाईंनी ग्लुकोजची बिस्किटं खायला घातली. दुसऱ्यांदा डॉक्टरकडे नेलं तर नाडी मिनिटाला ४० च्या आसपास. जन्मापासूनच ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ असल्याचं निघालं. ब्लॉक म्हटल्यावर सगळ्यांना अँजिओप्लास्टी आठवते. आमच्या एका काकांनी तर नऊ वर्षांच्या पोरीला तेलकट कमी खायला सांगितलं. ते ब्लॉक नळातले, म्हणजे रक्तवाहिन्यांतले. माझा बिघाड वायरिंगमधला. हृदयाच्या वरच्या कप्प्यात निघालेला विजेचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही. मग खालचे कप्पे आपल्या मनाने, संथ गतीने चालत राहतात. असं बाळ साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक असतं. वर्गात कधी पहिला नंबर आला नाही, तो इथे आला.

पहिली डबी पोटात बसवली, कारण लहान मुलांच्या शिरा बारीक असतात. वायरी हृदयाला बाहेरून टाकलेल्या. सतराव्या वर्षी ती डबी काढून नवी डावीकडे खांद्याखाली आली, वायरी शिरेतून. सव्विसाव्या वर्षी डबी बदलली. एकोणतिसाव्या वर्षी एका वायरीचं आवरण फाटलं आणि छातीचा स्नायू मनाला येईल तेव्हा फडफडायला लागला. म्हणून नवी वायर टाकली, जुनी टोक बंद करून आतच ठेवली. बत्तिसाव्या वर्षी डबीवरची कातडी इतकी पातळ झाली की तिची कड दिसायला लागली, तेव्हा तीच डबी स्नायूच्या खाली सरकवली. एवढंच. हे सगळं एका परिच्छेदात मावतं याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

*

दुखणं सुरू झालं ते चौथ्या ऑपरेशननंतर. आधी वाटलं, टाके आहेत, महिन्याभरात जाईल. मग वाटलं, तीन महिन्यांत जाईल. पाचव्या ऑपरेशननंतर ते मुक्कामालाच आलं.

हे हृदयाचं दुखणं नाही, हे समजावून सांगण्यात माझी बरीच वर्षं गेलीत. छातीत डावीकडे हात नेला की समोरचा माणूस उभा राहतो. एकदा मीटिंगमध्ये मी नुसता कुर्त्याचा गळा सारखा केला, तर मॅनेजरने ॲम्ब्युलन्सचा नंबर शोधला. आणि ‘हार्टला काही नाही, फक्त तिथली जागा दुखतेय’ असं सांगितलं की दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा सैल पडतो. “अच्छा, म्हणजे सीरियस नाही ना?” या दोन टोकांच्या मध्ये उभं राहायला कुठे जागाच नाही. एक तर मरायला टेकलेली, नाहीतर ठणठणीत.

दवाखान्यात यासाठी एक पट्टी असते. ० ते १०, खाली हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांग. “किती दुखतंय? दहापैकी?” मी बहुतेकदा चार म्हणते. सहा म्हटलं तर गोळी वाढते, दोन म्हटलं तर घरी पाठवतात. चार हा माझा तडजोडीचा आकडा आहे. त्याचा छातीशी फारसा संबंध नाही.

खरा प्रश्न मला आजीने विचारला. तिच्या नव्वदीत, कराडच्या घरी, ओसरीत बसून. मी ‘दुखतंय’ म्हणाले तर ती वैतागली. “दुखतंय म्हंजी काय गं बाई? ठणाकतंय, का चमाकतंय, का सलतंय?”

मी विचारात पडले. कारण तिन्ही नव्हतं आणि तिन्ही होतं. आजीच्या लेखी हे तीन वेगळे रोग होते. ठणका म्हणजे आत काहीतरी पिकतंय, ते फोडावं लागणार. चमक म्हणजे उसण, शिरेवर शीर, शेक दिला की जाईल. सल म्हणजे काहीतरी आत राहिलंय, काटा मोडलाय. तिने बोटाने माझ्या चट्ट्याच्या कडेकडेने चाचपलं आणि म्हणाली, “ह्ये सलतंय. आत हाय की त्ये.” आत तर ते आहेच, काढायचं नाही म्हणूनच बसवलंय, हे तिला पटलं नाही. काटा मोडला की काढतात, एवढं तिला माहीत होतं.

त्यानंतर मी फोनवर एक नोट उघडली आणि जेव्हा जे होईल त्याचा शब्द लिहायला लागले. ठुसठुस: रात्री, डाव्या कुशीवर वळलं की. चरचर: घाम आला की चट्ट्यावर. सणक: हात वर करून वरच्या फडताळातला डबा काढताना, खांद्यापासून कोपरापर्यंत. रग: दिवसभर लॅपटॉपसमोर बसल्यावर. ओढ: थंडीत, सकाळी. हुळहुळणं: हा सगळ्यांत विचित्र. कुणी दाबलं तर काही नाही, पण ओढणीची किनार नुसती घासली तरी जीव नकोसा होतो. आणि चट्ट्याच्या मधोमध दोन बोटांवर काहीच नाही. बधिर. तिथे चिमटा काढला तरी तो दुसऱ्याच कुणाला काढल्यासारखा वाटतो.

पुढे वाचताना कळलं की असा उद्योग रीतसर झालेला आहे. रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात दुखण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. जळणारं, टोचणारं, ओढणारं, थकवणारं, भीती घालणारं. रुग्णाने आपल्याला लागू पडेल तो शब्द निवडायचा. कारण साधं आहे: नस दुखावली असेल तर माणूस जळजळ, मुंग्या, करंट अशा भाषेत बोलतो, स्नायू आखडला असेल तर वेगळ्या. आकड्यावरून ते कळत नाही. माझ्या नोटमधले शब्द मोजले तर ३१ भरले. त्यातले निम्मे आजीचे.

*

दर सहा महिन्यांनी मशीनची तपासणी असते. छातीवर एक चपटं यंत्र ठेवतात, समोरच्या स्क्रीनवर माझ्या डबीचं सगळं आत्मचरित्र उमटतं. किती टक्के ठोके तिने दिले, वायरींचा रोध किती, बॅटरी किती वर्षं पुरेल. तंत्रज्ञ म्हणतो, “आता जरा धडधडेल हं,” आणि त्याने एक बटण दाबलं की माझं हृदय खरंच पळायला लागतं. मग तो वेग खाली आणतो, आणि एखादा क्षण पायाखालची फरशी सुटल्यासारखं होतं. या प्रकाराची सवय होते, पण गंमत वाटत नाही.

मग प्रिंटआउट निघतो. सगळं नॉर्मल. खरोखरच नॉर्मल असतं. दिवसाला साधारण लाखभर ठोके, दहा वर्षांत ३६ कोटींच्या वर, आणि एक चुकलेला नाही. मला त्या यंत्राचं कौतुक आहे, अगदी मनापासून. पण ती तपासणी त्याची असते, माझी नसते. “मॅडम, ऑल पॅरामीटर्स ओके,” असं म्हटल्यावर ‘पण दुखतंय’ हे वाक्य कुठे ठेवायचं तेच कळत नाही. एका दवाखान्यात मी ते ठेवलं, तर समोरच्या डॉक्टरांनी प्रिंटआउटवर बोट आपटून दाखवलं: “रिपोर्ट नॉर्मल आहे. तुम्ही जरा मन दुसरीकडे गुंतवा.” तिथे मी परत गेले नाही.

त्याहून अवघड असतं ते प्रेमाने बोललेलं. “अगं, जिवंत आहेस हे काय कमी आहे?” नाही, कमी नाही. माझं हृदय स्वतःच्या जिवावर मिनिटाला तीसही ठोके टाकत नाही. त्या डबीशिवाय मी हा लेख काय, वाणसामानाची यादीसुद्धा लिहू शकले नसते. पण आभार मानून झाले की दुखणं थांबावं, असा काही करार नव्हता. जीव वाचला त्याचा आनंद एका खोलीत असतो, ठुसठुस दुसऱ्या खोलीत. त्यांची एकमेकांशी ओळखही नाही.

आर्ने लार्सन या स्वीडिश माणसाची गोष्ट प्रत्येक पेसमेकरवाल्याला कधी ना कधी सांगितली जाते. स्टॉकहोममध्ये ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शरीराच्या आत पेसमेकर बसवलेला तो जगातला पहिला माणूस. त्याला दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध हरपण्याचे झटके येत. त्याच्या बायकोने, एल्से-मारीने, सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट या दोघांचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे ते तयार झाले. एल्मक्विस्टने ते यंत्र बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून रेझिनमध्ये ओतलं होतं. ते काही तासच चाललं. म्हणजे जगातला पहिला पेसमेकर बसला आणि लगोलग जगातलं पहिलं ‘बदलणं’ही झालं. लार्सन मात्र पुढे ४३ वर्षं जगला. २००१ साली, ८६ व्या वर्षी, कर्करोगाने गेला. तोवर त्याचा सर्जनही गेला होता आणि इंजिनिअरही. त्याच्या अंगात वीसहून जास्त पेसमेकर बसवून झाले होते.

गोष्ट सुंदर आहे आणि मी ती स्वतःही लोकांना सांगते. पण ती सांगताना सगळे डब्या मोजतात. वीसहून जास्त डब्या म्हणजे छातीवर किती छेद, आणि त्यानंतर सदरा घालताना त्याचा हात कसा वर जात असेल, हे माझ्या मनात येतं.

*

इथे एक गोष्ट नीट लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी पेसमेकर असेल. दुखणं म्हणजे नेहमी ‘नुसतंच दुखणं’ नसतं. डबीवरची जागा लाल झाली, गरम लागली, सुजली, कातडी पातळ होऊन चकाकायला लागली, टाक्यातून पाणी आलं, ताप आला, तर ते जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं आणि त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं असतं. घरी सुई टोचून पू काढायचा नसतो, आणि कुणी ‘पाणी काढून देतो’ म्हणालं तर त्यालाही करू द्यायचं नसतं. वायर तुटणं, डबी सरकणं, खांदा आखडणं हीसुद्धा कारणं असतात. शेवटचं तर घरोघरी दिसतं: वायर निसटेल या भीतीने माणूस महिनोन्‌महिने हात हलवतच नाही आणि मग ‘फ्रोझन शोल्डर’ होतो. माझ्या बाबतीत एकेक करून हे सगळं तपासलं. रक्त, सोनोग्राफी, एक्स-रे. काही निघालं नाही. तेव्हा एका तरुण हृदयविकारतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं: “मशीन ठीक आहे, पण तुम्ही ठीक नाही. पेन क्लिनिकला जा.”

पेन क्लिनिक म्हणजे काय हे मला ३३ व्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. तिथे बहुधा भूलतज्ज्ञ असतात. ही शाखा उभी करणारा जॉन बोनिका हाही भूलतज्ज्ञच. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवायला तो अमेरिकेत तोंडावर मुखवटा घालून कुस्त्या खेळायचा. कुस्त्यांनी त्याचं स्वतःचं अंग आयुष्यभर दुखत राहिलं. १९५३ साली त्याने दुखण्यावरच्या उपचारांचा मोठा ग्रंथ लिहिला. आमच्या सातारा-सांगलीकडे हे सांगितलं की लोक लगेच ऐकतात. दुखण्याचा डॉक्टर कळत नाही, पैलवान कळतो.

तिथल्या डॉक्टरांनी माझी नोट वाचली. पूर्ण, वरपासून खालपर्यंत. ‘हुळहुळणं’ आणि ‘बधिर’ या दोन शब्दांखाली रेघ मारली आणि म्हणाले, “ही नस आहे.” मराठीत आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि संवेदना नेणाऱ्या तंतूलाही, त्यामुळे मी घाबरले. त्यांनी समजावलं. कॉलरबोनवरून छातीच्या कातडीकडे बारीक चेतातंतू उतरतात. छेद घेताना त्यातले काही कापले जातात. ते टाळता येत नाही. बहुतेकांचे निमूट राहतात. काहींचे वेडेवाकडे जुळतात, चट्ट्यात अडकतात आणि काही कारण नसताना संदेश पाठवत राहतात. प्रत्येक ऑपरेशनमध्ये त्याच वाटेने गेलं की ही शक्यता वाढत जाते. ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या अशा दुखण्याला आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत स्वतःचं नाव आणि क्रमांक आहे. ही यादी २०२२ पासून लागू झाली. मला त्या क्रमांकाचा केवढा आधार वाटला! यादीत नाव लागलं म्हणजे रेशनकार्ड मिळाल्यासारखं.

मग त्यांनी तपासणीसाठी म्हणून कॉलरबोनजवळ भुलीचं एक इंजेक्शन दिलं. म्हणाले, “सहा-आठ तास टिकेल. दुखणं गेलं, तर ते या नसेचंच.”

दुपारी दोनला दिलं. सव्वादोनला मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये उभी होते आणि काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. पर्स बघितली, फोन बघितला. मग लक्षात आलं, काय नाही ते. घरी जाऊन मी डाव्या कुशीवर झोपले. झोप नव्हती आली, पण झोपले. ओढणी घेऊन आरशासमोर तिची किनार पुन्हा पुन्हा चट्ट्यावरून ओढली. नवरा दारात उभा राहून बघत होता, त्याला काय बोलावं कळेना. रात्री नऊच्या सुमाराला ती जागा हळूहळू परत आली, गावाला गेलेल्या भाडेकरूसारखी. मी रडले, पण त्यात दुःख कमी होतं. चार वर्षं माझ्या मनात एक किडा होता, की हे सगळं मीच तर रचलं नाही ना. किडा त्या दिवशी गेला.

*

त्यानंतर जे केलं त्यात चमत्काराचं काही नाही. नसेवरची गोळी सुरू झाली. पहिले तीन आठवडे मी दिवसा पेंगायचे आणि एकदा टीमसमोर वाक्याच्या मध्येच थांबले. मात्रा कमी केली, रात्रीवर नेली, तेव्हा जमलं. साध्या पेनकिलर मी जवळजवळ सोडल्या. रोज घेतल्या तर पोट आणि किडनी दोघांनाही त्रास, आणि नसेवर त्यांचा फारसा उपयोगही नाही. बाजारात मिळणारं करंट देणारं शेकाचं मशीन पेसमेकरवाल्याने परस्पर लावायचं नसतं. हे फिजिओला दर वेळी मीच आठवण करून देते.

सर्वांत हास्यास्पद वाटलेला उपाय सर्वांत कामाला आला. चट्ट्याला स्पर्शाची सवय लावायची. रोज दहा मिनिटं, आधी कापूस, मग रेशमी कापड, मग सुती, मग खरखरीत टॉवेल. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्याकडे आहे, शेकडो वेळा धुतलेला. सुरुवातीला मी त्याच्यावर दोन महिने अडले होते. टॉवेलपर्यंत यायला वर्ष लागलं. सोबत भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा. पेन्सिलीने खुणा केल्यात, पोरांची उंची मोजतात तशा.

बाकी सगळं जुगाड. लॅपटॉपची सॅक फक्त उजव्या खांद्यावर, म्हणून आता उजवा खांदा कुरकुरतो. ब्राच्या डाव्या पट्ट्याखाली मऊ गादी. पीएमपीत उभं राहायची वेळ आली तर उजव्या हाताने दांडा आणि डावीकडे खिडकी, म्हणजे धक्का लागला तर काचेचा लागेल, माणसाच्या कोपराचा नाही. गाडी चालवायला शिकले ते केवळ सीटबेल्टमुळे. आपल्याकडे शेजारच्या सीटवर बसलं की पट्टा बरोबर डाव्या कॉलरबोनवरून येतो; चालवायला बसलं की उजव्या. नवऱ्याच्या मित्रांना वाटतं, मी फार स्त्रीवादी आहे, त्याला चालवूच देत नाही. वाटू दे.

वाईट दिवस तरीही येतात. थंडीत जास्त. तेव्हा मी घरात ‘आज ठुसठुस आहे’ किंवा ‘आज सणक आहे’ एवढंच सांगते. नवऱ्याला आता फरक कळतो: ठुसठुशीत बोललेलं चालतं, सणकेत नाही.

आईला मात्र मी बरीच वर्षं काही सांगत नव्हते. कारण वेगळं होतं. मूल हवं का, असा विचार आम्ही करत होतो तेव्हा माझ्या जन्मजात ब्लॉकचं मूळ शोधायला डॉक्टरांनी आईचं रक्त तपासलं. तिच्या रक्तात एक अँटिबॉडी निघाली. गरोदरपणी ती वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाच्या हृदयातलं ते इवलंसं वायरिंग जाळते. आईला तोवर कसलाच त्रास नव्हता. डोळे कोरडे पडायचे, ते ती धुळीवर ढकलायची. डॉक्टरांनी तिला चार वेळा सांगितलं, यात तुमचा काही दोष नाही, हे कुणाला कळणंच शक्य नव्हतं. तिने मान हलवली. घरी आल्यावर माझ्या छातीकडे बघणं सोडून दिलं. मी समोर कपडे बदलायला लागले की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

ही कोंडी फोडायला मी काही केलं नाही. गेल्या हिवाळ्यात तिचेच सांधे धरले, आणि एका सकाळी तिला चहाच्या कपाचा कान पकडवेना. मी विचारलं, “दुखतंय?” ती “नाही गं” म्हणाली. मग आजीचंच वाक्य माझ्या तोंडून गेलं. ठणकतंय, का चमकतंय, का सलतंय? आई थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, “अवघडलंय. आणि तुझं?” मी म्हणाले, चरचरतंय. मग आम्ही चहा प्यायलो, तिने कप दोन्ही हातांनी धरून.

*

सव्विसाव्या वर्षी बसवलेल्या डबीची मुदत आता भरत आलीय. म्हणजे सहावं ऑपरेशन, आणि त्याच खिशात पाचवं.

पर्याय तीन होते. उजवीकडे नवी जागा, नव्या वायरी. पण डावीकडच्या तीन जुन्या वायरी आतच राहणार आणि हृदयात गर्दी वाढणार. दुसरा, बिनवायरीचा पेसमेकर: कॅप्सूलएवढा, दोनेक ग्रॅमचा, जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात नेऊन बसवतात. खिसाच नाही. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि हृदयाच्या दोन्ही कप्प्यांना सांभाळणाऱ्या जोडीला २०२३ मध्ये. मी त्याचे व्हिडिओ इतके पाहिलेत की फोन मला आता दुसरं काही दाखवत नाही. पण माझ्यासारखीला अजून चाळीसेक वर्षं काढायची असतील तर त्या कॅप्सुली एकामागून एक कुठे बसवायच्या, जुन्या काढायच्या की तिथेच सोडायच्या, हा प्रश्न आहे; आणि खर्च आमच्या विम्याच्या बराच वर जातो. तिसरा पर्याय, तोच खिसा.

आम्ही तिसरा घेतला, पण अटी घालून. दुखण्याचे डॉक्टर आणि सर्जन आधी एकमेकांशी बोलतील. छेद घेण्याआधीच नसेला भूल दिली जाईल, नंतर नाही. जुना चट्टा काढून टाकतील आणि डबी थोडी आत, मध्याकडे सरकवतील. आणि मी माझी ३१ शब्दांची नोट छापून दिली, छातीचं चित्र काढून, कुठे कोणता शब्द ते दाखवून. सर्जन सोलापूरकडचे. कागद वाचताना मध्येच हसले आणि म्हणाले, “हुळहुळतं! हा शब्द मी आईनंतर कुणाकडून ऐकला नव्हता.”

गेल्या मंगळवारी त्यांनी मला मुद्दाम रोजच्या कपड्यांत बोलावलं. लॅपटॉपची सॅकही आणायला सांगितली. मला ती दोन्ही खांद्यांवर घ्यायला लावली, हात वर करायला लावला, गाडीत बसल्यासारखं बसवलं. पट्टा कुठे येतो, सॅकचा बंद कुठे येतो, ते बघत राहिले. मग जांभळ्या पेनने छातीवर एक छोटी रेघ काढली आणि फोटो काढून फाइलीला लावला.

घरी आल्यावर आईने विचारलं, कुठे काढलीय? मी कुर्त्याचा गळा बाजूला केला. तिने चष्मा लावला, जवळ आली, आणि बरीच वर्षं न पाहिलेली ती जागा नीट पाहिली.

“जरा आतच घेतलीय की गं,” ती म्हणाली. “पट्ट्याखाली नाही येणार.”